भोंगा बंद झाला तर चूल कशावर पेटणार? गिरणगावच्या घरांचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एक विषय पुन्हा पुन्हा येतोय. उत्पन्नाचे एकापेक्षा जास्त स्रोत, आणि त्यासाठी लागणारा माइंडसेट. आता मी काही पैशांचा सल्ला देणारा माणूस नाही, म्युच्युअल फंडाचं मला विचारू नका. पण हा प्रश्न वाचला की मला दरवेळी एकच जागा आठवते. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी. गिरणगाव. तिथल्या साध्या साध्या घरांमध्ये तीन-तीन, चार-चार ठिकाणांहून पैसा किंवा धान्य येत होतं, आणि हे शंभर वर्षं चाललं. कुणी त्याला माइंडसेट म्हटलं नाही. त्यांचा शब्द होता ‘भागवणं’.

म्हणून आज आपण गिरणी कामगाराच्या घराचा जमाखर्च बघणार आहोत. संपाचा इतिहास त्यात येईलच, पण यावेळी तो पुढाऱ्यांकडून नाही, चुलीकडून बघू.

सुरुवात पगारापासून करू. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावरांची. कंपनी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि दोनेक वर्षांत ताडदेवला यंत्रं फिरू लागली. पुढच्या पन्नास वर्षांत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नोकरी लागली म्हणजे दर महिन्याला पगार सुरू झाला. तसं नव्हतं. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हातात यायचा. म्हणजे पहिल्या तारखेला कामावर लागलेला माणूस पहिला पैसा बघायचा तो जवळपास दीड महिन्यानं. तोवर खायचं काय? राहायचं कुठं? वाण्याकडे उधारी, गाववाल्याकडे अंथरूण, आणि फारच नड आली तर पठाण सावकार. त्याच्या व्याजाचा दर ऐकून आजचा क्रेडिट कार्डवाला शरमेल. पगार वेळेत द्यायची सक्ती करणारा कायदा आला १९३६ मध्ये. हजारावर कामगार असतील तर महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत, कमी असतील तर सात दिवसांत.

आणि हे झालं कायम कामगाराचं. त्याच्या खाली बदली कामगार होता. तो रोज सकाळी भोंग्याआधी गिरणीच्या दाराशी उभा राहणार. आज कुणाचा खाडा असेल, कुणी आजारी असेल, तर जॉबर बोट दाखवणार: तू ये आत. बाकीचे घरी. महिन्यातले किती दिवस भरतील ते जॉबरच्या मर्जीवर. कापडाला उठाव असला की जास्त, नसला की कमी. गिरणीमालकांच्या दृष्टीनं ही फार सोयीची व्यवस्था होती. बाजार पडला की मजूर कमी करायचे, आणि त्या पडत्या काळात त्यांना कोण पोसतंय ते बघायची गरज नाही.

मग कोण पोसत होतं? तर पहिलं उत्तर, गाव.

१९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. लक्षात घ्या, तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात. वेगळा सिंधुदुर्ग झाला तो १९८१ मध्ये. याशिवाय सातारा, पुणे, कोल्हापूरकडची घाटावरची माणसं होतीच. कोकणात पाऊस उदंड, पण भाताचं पीक एकच. जमीन तुकड्यातुकड्यांची, आणि पुष्कळ ठिकाणी ती खोताची. कुळानं राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताला घालायचा. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. तोवर खोताचं देणं फेडायला रोख पैसा लागायचा, आणि तो शेतात उगवत नव्हता. म्हणून घरातला एक जण बोटीत बसायचा. दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, या बंदरांवरून बोट थेट मुंबईला. त्याच्यापाठी मनीऑर्डर गावाकडे. पोस्टानं ही सेवा १८८० मध्ये सुरू केली, आणि पुढे कोकणाची ओळखच ‘मनीऑर्डरवर चालणारा मुलूख’ अशी झाली.

पण या ओळखीत अर्धीच गोष्ट आहे. मनीऑर्डर गावाकडे जाते एवढंच आपण बघतो. उलट दिशेनं काय यायचं ते पोस्टाच्या पावतीत नसतं. तांदूळ यायचा, कुळीथ यायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या बाळंतपणांचा, लहान पोरांचा, म्हाताऱ्यांचा, आजारी पडून परत गेलेल्या कामगाराचा सगळा भार गाव उचलायचं. गिरणीच्या पगारात हे बसवायचं ठरवलं असतं तर तो पगार तिसऱ्या आठवड्यातच संपला असता.

आता इथे जुना वाद आहे. गिरणीमालक सांगायचे, हा कामगार खरा कामगारच नाही. याचं चित्त गावात. शिमगा आला, लावणी आली, की निघाला. याला शिस्त कशी लावायची? बरीच वर्षं अभ्यासकांनीही हेच थोड्या सभ्य भाषेत लिहिलं. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी ही मांडणी उलटी केली, आणि मला ती पटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गावाशी नातं टिकवणं हा मागासलेपणा नव्हता. शहरातलं काम इतकं बेभरवशाचं होतं, की गाव सोडणं हाच वेडेपणा ठरला असता. रॉयल कमिशन ऑन लेबरनं १९३१ च्या अहवालात जवळपास हेच कबूल केलं होतं. कामगाराचा गावाशी असलेला धागा तोडायच्या भानगडीत पडू नका, तो त्याचा आधार आहे, असा त्याचा सूर होता.

मालकांना हे आधीच कळायला हवं होतं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला आणि काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. गिरण्यांना हात मिळेनात. एरवी दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक तेव्हा मजूर टिकवण्यासाठी रोजच्या रोज पैसे मोजायला तयार झाले. म्हणजे ज्याला परत जायला जागा आहे, त्याच्याशी बोलताना मालकाची भाषा बदलते. प्लेग ओसरला, भाषा पूर्ववत झाली.

हे गाव सगळ्यांना सारखं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. दलित कामगाराकडे गावात बहुधा जमीन नव्हतीच. आणि शहरात गिरणीच्या सगळ्यात चांगल्या पगाराच्या खात्यात, साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. पुढे १९३७ मध्ये खोती नष्ट करायचं विधेयक त्यांनीच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. मला त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू वाटतात. एकाला शहरातलं चांगलं काम बंद, दुसऱ्याला गावातल्या पिकाचा वाटा बंद. उत्पन्नाचे स्रोत वाढवा म्हणून सांगणं सोपं असतं हो. कुठलं दार कुणासाठी उघडं आहे ते आधी बघावं लागतं.

आता दुसरा स्रोत. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण याचा हिशेब कुठल्याच मस्टरवर नाही. खानावळ.

गिरणगावात पुरुष एकटे यायचे. गावकीची एखादी खोली असायची, तिला गाळा म्हणायचे. वीस-तीस जण मिळून तिचं भाडं भरायचे आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे. एक पाळी कामावर, तर दुसरी त्याच जागेवर पाठ टेकून. या सगळ्यांना जेवायला कोण घालणार? शेजारच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी एखादी बाई. तिचा नवरा गिरणीत, कधी बदली, कधी आजारी, कधी दारूत गेलेला, कधी नाहीच. ती दहा-पंधरा माणसांना दोन वेळ जेवायला घालायची. पहाटे उठून पहिल्या पाळीच्या भाकऱ्या, मग डबे, मग दुपारचं, मग रात्रपाळीवाल्यांचं. चूल दिवसभर विझायची नाही.

या धंद्याची आतली रचना बघा. मेंबर पैसे देणार महिन्यानं, त्याचा पगार झाल्यावर. म्हणजे ही बाई पंधरा माणसांना महिनाभर उधार जेवू घालतेय. तिला धान्य कोण देणार? वाणी. तोही उधारीवर, आणि दर जरा चढा लावून. भांडवल म्हणावं तर दोन टोप, एक परात आणि गळ्यातलं मंगळसूत्र, जे अडचणीला गहाण पडायचं. मेंबर बदली असला आणि त्याचे दिवस भरले नाहीत, तर त्याची थकबाकी हिच्या अंगावर. तो एखाद्या रात्री वळकटी उचलून गावी निघून गेला, तर तेही हिच्याच अंगावर. मला सांगा, गिरणीच्या उद्योगाला खेळतं भांडवल कोण पुरवत होतं? बँका पुरवत होत्याच. पण पगार अडकवून ठेवल्यामुळे जे भोक पडायचं, ते भरत होता कोपऱ्यावरचा वाणी आणि माळ्यावरची ही बाई.

आणि घरात याला काय म्हणायचे? ‘जोड’. नवऱ्याचा पगार म्हणजे उत्पन्न, आणि ती करते ती जोड. नवऱ्याचे महिन्यात बारा दिवस भरलेत, बाईच्या हाताखाली पंधरा माणसं जेवतायत, तरी जोडच.

शिवाय बायका गिरणीतही होत्या, हे आता आपण विसरत चाललोय. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. वाइंडिंग, रीलिंग या खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, बायकांना रात्रपाळी कायद्यानं बंद झाली, बाळंतपणाचा खर्च मालकांच्या डोळ्यांत यायला लागला, आणि हे प्रमाण घसरत घसरत काही टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्या घरात गिरणीचे दोन पगार यायचे, तिथे एकच राहिला. बाई गिरणीच्या दारातून बाहेर पडली आणि चुलीपाशी, विड्या वळण्यापाशी, धुण्याभांड्यांपाशी गेली.

सत्तरच्या दशकातल्या संपात एक गोष्ट प्रेमा पुरव यांच्या लक्षात आली. मूळ गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत. त्यांनी बघितलं, की संपकरी टिकून आहेत, कारण खानावळवाल्या त्यांना उधारीवर जेवू घालतायत. संपाची सभा मैदानात होते, पण संप चालतो यांच्या चुलीवर. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सुरुवातीला चौदा बायकांचा गट, एकमेकींना जामीन. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकेकडून छोटी कर्जं मिळवली. गहाण ठेवायला काही नसताना! वाण्याचा चढा दर आणि सावकाराचं व्याज यातून बायका हळूहळू सुटायला लागल्या. माझ्या मते गिरणगावच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, पण संपांच्या तारखांपुढे ती नेहमी तळटीप होऊन बसते.

आता संपांकडे येऊ. कारण एका घरात चार स्रोत आहेत म्हणजे ते घर सुरक्षित आहे का, याची परीक्षा तिथेच झाली.

१९२८. २६ एप्रिलला संप सुरू झाला तो ६ ऑक्टोबरपर्यंत. दीड लाखाच्या आसपास कामगार, जवळपास सहा महिने पगाराविना. हे जमलं कसं? युनियननं धान्य वाटलं, बाहेरून मदत आली, हे खरंच. पण महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. एप्रिलअखेर म्हणजे एरवीही गावी जायचे दिवस. पुढे जूनला पेरणी, जुलैत लावणी. हजारो माणसं गावी गेली आणि शेतात लागली. मुंबईतल्या खोलीत खाणारं तोंड एक कमी, गावात राबणारे हात दोन जास्त. संप मिटला तेव्हा भात कापणीला आलं होतं.

पण पुढच्याच वर्षी, १९२९ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि सप्टेंबरपर्यंत तो ढासळला. त्याला कारणं पुष्कळ. मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले होते, फेब्रुवारीत शहरात दंगल झाली होती, संपफोडे आणले गेले. पण त्यात मी अजून एक कारण मोजतो. आदल्या वर्षी वाण्याची उधारी संपून गेली होती, गावाकडची कणगी रिकामी झाली होती, खानावळवालीचं मंगळसूत्र अजून सोडवलं नव्हतं. आधार होता, पण तो पुन्हा भरायला एक वर्ष पुरत नाही.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. दीड वर्ष उलटलं, आणि तो विरत गेला. लाखभर माणसं पुन्हा गिरणीत गेली नाहीत.

यावेळीही माणसं गावी गेली. घाटावरून धान्य गोळा होऊन आलं. पण हिशेब बदलला होता. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे आणखी लहान झाले होते. कुटुंबं मुंबईत स्थिरावली होती, पोरं शाळेत होती. एकट्यानं वळकटी बांधून गावी जाणं वेगळं, आणि पाच माणसांचं बिऱ्हाड भावाच्या ओसरीवर नेऊन टाकणं वेगळं. पहिला महिना सगळे मायेनं वागतात. सहाव्या महिन्यात भावजय भांडी जोरात आपटायला लागते, आणि तिचंही चुकत नाही, कारण ज्या मनीऑर्डरवर तिचं घर चालत होतं ती मनीऑर्डर पाठवणाराच आता तिच्या ताटावर बसलाय.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची जागा हीच. कागदावर बघितलं तर त्या घराचे चार स्रोत होते. नवऱ्याचा पगार, बायकोची खानावळ, गावची शेती, खोलीतला पोटभाडेकरू. पण खानावळीत जेवणारे कोण? गिरणी कामगार. पोटभाडेकरू कोण? गिरणी कामगार. गावच्या शेतीला बी-बियाणं, बैल, मजुरी कशातून? गिरणीच्या मनीऑर्डरमधून. भिशी? तिचे सगळे सभासद एकाच खात्यातले. नळ चार होते, टाकी एक होती. १९२८ मध्ये सहा महिन्यांत टाकीत पुन्हा पाणी आलं म्हणून हे कळलं नाही.

ज्या घरांना त्यातल्या त्यात तग धरता आला, त्यांच्याकडे बहुधा गिरणीच्या बाहेरचा एक तरी पैसा होता. कुणाची मुलगी शिक्षिका, कुणाचा भाऊ बेस्टमध्ये किंवा महापालिकेत. बाकीच्यांनी मिळेल ते केलं. भाजीची पाटी, वडापावची गाडी, वॉचमनची नोकरी. बायका घरकामाला गेल्या, घरी बसून फुलांच्या माळा, पॅकिंगची कामं करू लागल्या. काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, गिरणीच्या पगाराच्या कितीतरी कमी मजुरीवर.

आणि भिवंडीचं नाव निघालंच आहे तर दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडतो. संपात गिरण्या बंद होत्या, पण काही मालकांचं कापड बाजारात येतच होतं. यंत्रमागावर विणून घ्यायचं आणि आपला छाप मारून विकायचं. म्हणजे स्रोत त्यांनीही वेगळे करून ठेवले होते, आणि त्यांचा दुसरा नळ खरोखर दुसऱ्या टाकीला जोडलेला होता. तिसरा तर पायाखालीच होता. गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, मुंबईच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियमावलीत ती विकायची वाट मोकळी झाली, २००१ च्या दुरुस्तीनं आणखी रुंद झाली. आज तिथे काय उभं आहे ते लोअर परळला उतरणाऱ्या कुणालाही दिसतं.

त्यामुळे मला कुणी जेव्हा विचारतं, की आपल्या मराठी माणसाकडे चार ठिकाणांहून कमवायचा माइंडसेट का नाही, तेव्हा मला हसू येतं. त्या खोलीत राहणाऱ्या बाईला तुम्ही हे विचारून बघायला हवं होतं. पहाटे चारला उठून, पंधरा जणांची भाकरी थापताना, कुणाचे किती दिवस भरलेत आणि कोण किती थकलाय हे ती तोंडपाठ सांगायची. वहीसुद्धा नसायची अनेकींकडे.

अन्नपूर्णा मंडळाचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. १९८२ नंतर गिरण्यांचे मेंबर गेले. मंडळ मात्र बंद पडलं नाही. बायकांनी ऑफिसांना जेवण पुरवायला सुरुवात केली, कॅटरिंगची कामं घेतली, आणि नवी मुंबईत वाशीला नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह उभं राहिलं. भाकरी थापणारे हात तेच होते. जेवणारी माणसं आता गिरणीच्या पगारावर अवलंबून नव्हती.

पुढच्या भागात जॉबरबद्दल बोलू. गिरणीच्या दाराशी उभा राहून बोट दाखवणारा तो माणूस नेमका कुणाचा होता, मालकाचा की चाळीचा, यावर तुमच्यापैकी कुणाच्या घरात काही गोष्टी सांगितल्या जात असतील तर जरूर लिहून पाठवा. भेटू.